मानाची खाच

खाच व्याह्यांच्या मालात पडली, तर वशरामभाईंचं प्रत्येक शाफ्टमागे एक काम वाचणार होतं. वर्षभराच्या ऑर्डरीत तेवढ्यानं मुलीच्या लग्नाच्या मांडवाचा खर्च निघाला असता.

प्रकरण साधं होतं. मोरबीच्या टाइल कारखान्याला रोलर हवे होते. राजकोटात शाफ्ट वशरामभाई करायचे आणि बेअरिंग बसायचं ते बिडाचं घर त्यांचे होणारे व्याही त्रिकमभाई. बेअरिंग सरकू नये म्हणून सर्क्लिप, म्हणजे स्प्रिंगसारखी पोलादी रिंग, लागते. एक जात शाफ्टला बाहेरून मिठी मारते, दुसरी भोकात आतून फाकून बसते. दोघींनाही बसायला खाच लागते, आणि ती ज्याच्या मालात, कष्ट त्याचे.

"रिंग तुमच्या घरात बसू दे, व्याही," वशरामभाई म्हणाले. "मान तुमचा."

"छे छे. मुलीकडच्यांना डावलून मान घेऊ होय? शाफ्टवरच बसवा."

"मुलाकडच्यांच्या आधी आम्ही कसे बसणार?"

दोघं रिंगा विकणाऱ्या हबीबभाईंच्या दुकानात गेले. हबीबभाईंनी विचारलं, "शाफ्टवरची देऊ का भोकातली?"

"भोकातली," वशरामभाई म्हणाले.

"शाफ्टवरची," त्रिकमभाई म्हणाले.

"माझ्याकडे दोन्ही आहेत. भांडण मिटलं की या."

"भांडण कसलं? आम्ही सोयरे," दोघं एकदम म्हणाले आणि रिकाम्या हातांनी परतले.

घरी चंपाबेननी नवऱ्याला बजावलं, "पोरीच्या बापानं इतकं ताणू नये."

"ताणतोय कुठं? मान देतोय."

"मग तिकडून परत का येतोय तो?"

त्यावर वशरामभाई जेवायला बसले. व्याही शेवटी लाजेनं खाच पाडतील, अशी त्यांची खात्री होती. त्रिकमभाईंचीही अगदी तीच होती.

नमुना बघायला मोरबीहून कारखान्याचे गिरधरभाई आले. गाठिया आणि तळलेल्या मिरच्या पुढे आल्या. त्यांनी रोलर फिरवला. सुरेख फिरला. मग शाफ्ट बोटानं जरासा ढकलला. शाफ्ट पलीकडून निमूट बाहेर आला. बेअरिंगही घर सोडून निघालं, टेबलावर घरंगळलं आणि मिरच्यांच्या ताटलीला टेकून थांबलं.

"रिंग कुठाय?"

दोघांनी अदबीनं एकमेकांकडे हात केला.

गिरधरभाईंनी बेअरिंग पुसलं. "शाफ्ट निसटू नये म्हणून एक शाफ्टवर, आणि बेअरिंग निसटू नये म्हणून एक भोकात. दोन्ही लागतात. इतकी वर्षं याच धंद्यात आहात, माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," त्रिकमभाई पुटपुटले. "पण मानाचं बोलणं निघालं, आणि…"

"खाचा दोन्हीकडे पाडा. भाव ठरलाय तोच. रिंगा तुमच्याच खर्चानं. उद्या माल नीट दिसला तर ऑर्डर तुमची, नाहीतर जामनगरवाला वाट बघतोय."

त्याच संध्याकाळी दोन्ही लेथ चालल्या. हबीबभाईंनी दोन्ही जातींच्या रिंगा बांधल्या आणि चहा मागवला. रिंगांचे पैसे द्यायला त्रिकमभाईंनी खिशात हात घातला. वशरामभाईंनी तो रीतीप्रमाणे धरला. "राहू द्या, व्याही. मुलीच्या बापासमोर तुम्ही पैसे काढायचे?"

आता ते हात सोडवतील, थोडी ओढाताण होईल, निम्मं निम्मं ठरेल, असा वशरामभाईंचा अंदाज होता. पण त्रिकमभाईंचा हात त्यांच्या हातात अगदी समाधानानं पडून राहिला.

तेव्हा हिशेब असा निघाला: खाच दोघांनी पाडली, रिंगा मुलीच्या बापानं घेतल्या, आणि हबीबभाईंनी आग्रहानं पाजलेला चहा रिंगांच्या बिलात आधीच धरलेला होता.