खरा संस्थापक उशिरा येतो

आमची कंपनी नव्या उद्योगांत पैसे गुंतवते. पैसे दुसऱ्यांचे असतात, आत्मविश्वास आमचा. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन मी तिथे रुजू झाले, तेव्हा मुख्य भागीदार म्हणाले, "शास्त्र कळणारं कुणीतरी हवंच होतं. पाहुण्यांना दाखवायला."

माझी पहिलीच गुंतवणूक फळली. त्या तरुण संस्थापकाला आमच्या भेटीला बराच उशीर झाला होता, कारण इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. पुढे त्याची कंपनी चांगल्या भावाने विकली गेली. मुख्य भागीदारांनी मला बोलावून घेतलं. "आता तुझं पुस्तक यायला हवं. पुस्तक नसलेला गुंतवणूकदार म्हणजे नुसता पैसेवाला."

मी लिहायला बसले. अनुभव एकच, त्यामुळे पानं भरेनात. शेवटी एक प्रकरण घातलं: 'खरा संस्थापक उशिरा येतो'. ज्याच्या डोक्यात भविष्य असतं त्याला घड्याळ दिसत नाही, असा त्याचा सारांश. लिफ्टचा उल्लेख संपादिकेने काढून टाकला. प्रयोगशाळेत एका नमुन्यावरून नियम बांधला असता, तर मार्गदर्शक बाईंनी मला परीक्षानळ्या धुवायला बसवलं असतं. इथे मला भाषणांची आमंत्रणं येऊ लागली.

पुस्तक गाजलं आणि संस्थापक उशिरा येऊ लागले. काही जण वेळेआधीच येऊन समोरच्या कॅफेत दडून बसत. स्वागतिका मला कळवायची, "मॅडम, ते खालीच आहेत, पण त्यांचा उशीर अजून पुरा व्हायचाय." निवड समितीने उशिराला गुण द्यायचं ठरवलं. एक जण तर आलाच नाही. त्याला सर्वाधिक गुण मिळाले आणि त्याला शोधायला एक अधिकारी नेमण्यात आला.

अशात माझ्या वहिनीने अर्ज केला. विजेशिवाय दिवसभर थंड राहणारी, लसी नेण्याची पेटी तिने बनवली होती. पैसे उभे राहिले नाहीत तर कामाची शेड सोडावी लागणार होती. दादा म्हणाला, "शब्द टाकू नकोस. फक्त नीट बघ." मी पेटी नीट बघितली, तपासली. मग वहिनीला फोन केला.

"वहिनी, उद्या जरा उशिराच ये."

"का गं? लोक तयार नसतात का तुमचे?"

"तसं नाही गं."

"मग वेळेवरच येते बाई. उगाच कुणाचा खोळंबा नको."

ती वेळेवर आली. खोलीत कुणीच नव्हतं, कारण संस्थापक उशिरा येणार हे धरून समितीही उशिराच येत असे. आम्ही आत गेलो तेव्हा ती पेटीवर हात ठेवून बसली होती.

"तुम्ही वेळेवर आलात, असं कळलं," मुख्य भागीदार म्हणाले. स्वर सांत्वनाचा होता.

"हो. पेटी उघडून दाखवू?"

"राहू द्या. आधी किती वेळा धंद्यात बुडालात?"

"एकदाही नाही."

"अरेरे," कुणीतरी हळहळलं.

मतं समसमान पडली. माझं एकटीचं उरलं. होकार दिला असता तर प्रकरण खोटं ठरलं असतं, आणि नवी आवृत्ती छपाईला निघाली होती. मी नकारासाठी हात वर केला.

जिन्यापाशी वहिनीने मला गाठलं. "तू तपासली होतीस ना? चालते ना पेटी?"

"उत्तम चालते."

"मग?"

"पेटीचा प्रश्नच नव्हता, वहिनी."

"तेच म्हणतेय मी! पेटीचा एकही प्रश्न नव्हता!"

शेड गेली. दादा अजून माझ्याशी बोलतो, हवापाण्याबद्दल.

नव्या आवृत्तीत शेवटच्या क्षणी एक प्रकरण जोडलं: 'जवळच्यांना नाही म्हणण्याचं धैर्य'. तेच सगळ्यांत जास्त वाचलं जातं. वाचक भेटतात, माझा हात हातात घेतात आणि विचारतात, "तो हात वर करताना तुम्हाला काय वाटलं हो?" मी डोळे मिटून उत्तर देते. ते लिहून घेतात.

विजेशिवाय ती पेटी थंड कशी राहते, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्ही तर अख्खी गोष्ट वाचलीत. तुम्हीही नाही.