राणी गाण्यावाचोन मेली त्याची हकिकत

श्रीरंगदेवतेस नमस्कार, आणि पडद्यामागे उभे राहोन ज्यांनी आयुष्ये काढिली त्या सर्वांस दंडवत. साहेबी पुसिले की, राणी गाण्यावाचोन कैसी मेली आणि मेलियावर बोलली कैसी. त्यास शके अठराशे एकावन्न, शुक्लनाम संवत्सरी जे डोळ्यांनी पाहिले ते लिहितो. पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर चवीपुरते.

हे राज्य कापडाचे. तंबू हीच राजधानी, आज या गावी तर पुढील मासी त्या गावी, आणि किल्ले, बागा, नद्या समस्त पडद्यांवर रंगविलेल्या, त्या गुंडाळोन गाड्यांवर टाकिल्या की मुलूख चालता जाला. सिंहासनावर भुजंगराव महाराज, म्हणजे नाटकमंडळीचे मालक. महाराज खासे मिशा काढोन राणीचे सोंग घेत, आणि राज्याचा खजिना म्हणावा तर महाराजांचा गळा, दुसरा खजिना नव्हता. राणीचे नाटक मूळचे विलायतेचे. तीनशे वर्षांमागे तिकडील कोणा कवीने रचिले की, राणीचा भाऊ राज्याचे लोभाने तिजला विषाचा पेला देतो, आणि आपण न प्यावे तर लेकीस पाजतील हे जाणोन राणी तो पिते आणि मरते. थोरल्या महाराजांनी, म्हणजे भुजंगरावांच्या तीर्थरूपांनी, ते आपले मुलखी आणिले, आणि पेल्यातील मद्य ओतोन केशरी दूध घातले, गिरजाघर होते तेथे भवानीचे देऊळ उभे केले, चाळीस पदे घातली, आणि प्रजा रडत घरी जाईल म्हणोन शेवटी देवी प्रकट होऊन राणीस उठवी ऐसे केले. मग भुजंगराव गादीवर आले आणि राणीचे मरतेसमयीचे पद, "येते गे बाळे, दार लावुनी घे", ऐसे गाऊ लागले की प्रजा वन्समोर म्हणे, आणि राणी उठोन फिरोन गाई आणि फिरोन मरे. प्रजाच राणीस उठवू लागली, तेव्हा देवीस काम उरले नाही. तिजला नाटकातून रजा दिली. येणेप्रमाणे वीस वर्षे चालिले.

मग दिगंबर मास्तर तालमी देण्यास ठेविले. मास्तर कॉलेजात शिकलेले, मूळ ग्रंथ बगलेत घेऊन हिंडत आणि भेटेल त्यास त्यातील उतारे ऐकवीत. लोक त्यांस पाहोन वाट बदलीत. ते महाराजांस म्हणाले, "मालक, मूळ नाटकात राणी गात नाही. विष प्यालेला माणूस तीन कडवी म्हणेल कसा?" महाराज पान लावीत होते. म्हणाले, "मास्तर, तुमचं विष विलायती. आमच्याकडचं चढायला जरा वेळ लागतो." दरबार खो खो हसला आणि मास्तर रुसोन जेवले नाहीत.

तो वर्षात विपरीत जाले. एके तालमीस वरचा षड्ज लावू जाता महाराजांचा गळा फाटला. जवळ पांडोबा पायपेटीवाले तेवढे होते, त्यांनी मागाहोन सांगितले ते लिहितो. वैद्यास दाखविले, त्याने सांगितले की बोलण्यापुरता आवाज राहील, गाण्याचा गेला तो गेला. महाराज पांडोबांस म्हणाले, "पांडोबा, हे बाहेर फुटलं तर संपलं सगळं. पलीकडची मंडळी टपूनच बसलीय. माझी माणसं उचलतील आणि मी राहीन एकटा, लुगडं नेसून." पांडोबांनी पेटीवर हात ठेवोन शपथ घेतली. मग महाराजांनी मोठा मुत्सद्दीपणा केला. मास्तरांस बोलावोन म्हणाले, "तुमचं ऐकतो. मूळ कवीचा मान राखला पाहिजे. राणी मुकी मरेल, आणि बाकीची तिची गाणी सखीला द्या." मास्तरांचे डोळे भरोन आले. आपला ग्रंथ जिंकला ऐसे त्यांस वाटले आणि महाराजांचे राज्य वाचले ऐसे महाराजांस वाटले, आणि दोघेही बहुत संतोषी जाले.

मग खेळाचा दिवस आला. तंबू भरला. सखी गात असता प्रजेने चुळबुळ केली, परंतु शेवटी आपले पद आहेच म्हणोन सबुरी धरिली. राणीने पेला घेतला, लेकीकडे पाहिले, प्याली, आणि भिंत धरीत खाली बसली आणि आडवी जाली. ऐसे मरण आम्ही पूर्वी पाहिले नव्हते. परंतु प्रजा पदाची वाट पाहत होती. वाट पाहोन पाहोन पिटातून आरोळी उठली, "गाणं! गाणं म्हणा!" करवंट्या आल्या, एक बाक मोडले. पडदा ओढणारा म्हणाला, "मास्तर, टाकू का?" मास्तरांचे तोंडचे पाणी पळाले होते. राणी मेलेलीच होती, करती काय? मग पांडोबांनी, दयेने की सवयीने ते त्यांसच ठाऊक, पेटीचा भाता हलविला आणि पदाचे सूर धरिले. सूर आले आणि गळा येईना. कालवा थांबला. तेव्हा बायकांचे बाजूने एका म्हातारीने, लेक सासरी पाठविताना म्हणावे तैसे, हळू म्हटले, "येते गे बाळे", आणि शेजारणीने "दार लावुनी घे" म्हटले, आणि मग पिटातील हमाल, विणकर, गवळी, समस्त म्हणू लागले. सूर कोणाचा कोठे, ताल कोणाचा कोठे, परंतु अक्षर एक चुकले नाही. मास्तरही गात होते ऐसे पडदेवाला सांगतो. मास्तर नाही म्हणतात. राणी पडोन ऐकत होती आणि तिचे डोळ्यांतून पाणी कानावर ओघळत होते.

पद सरले. कोणी टाळी वाजवीना. तेव्हा प्रेताने मान उचलिली आणि तंबूच्या टोकास जावे ऐशा आवाजे हाक दिली, "वन्स मोअर!" तो आवाज फुटक्या मडक्यासारखा आला. लहानथोर समस्तांनी ऐकिला आणि समस्तांस उमगले. म्हातारी उभी राहिली. म्हणाली, "पड बाई तू. आम्ही म्हणतो." आणि पहिल्यापासोन फिरोन म्हटले.

सारांश, गोष्ट दुसरे दिवशी गावभर जाली आणि दोन नट पलीकडच्या मंडळीत गेले, बाकी राहिले. पुढे चितारी आला, त्याने राणी तोंड मिटोन निजलेली आणि समोर हजार तोंडे उघडी ऐसे चित्र काढिले. पुढील पिढीच्या मास्तरांनी राणीस पांढरे लुगडे दिले, मग पेला काढिला, मग पडदेही काढिले; प्रजेचे गाणे मात्र कोणास काढिता आले नाही. आता ते मूळ ग्रंथातच आहे ऐसे लोक शपथेवर सांगतात. महाराजांचा गळा परत आला नाही. ते आणखी बारा वर्षे राणी जाले, आणि नित्य पडोन ऐकत असत. इति.