हेडसरांना काळं पाणी

‘या खेपेला काहीही चुकणार नाही,’ असं हेस्टर मिडग्लीबाईंनी शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता जाहीर केलं आणि पुरावा म्हणून सतरा पानांचं नियोजन टेबलावर ठेवलं. कोणी कोणाचा हात धरायचा, बस लागणारी तीन मुलं कुठे बसवायची, सगळं त्यात होतं. ‘पाऊस आल्यास’ असा एक स्वतंत्र भागही होता. यॉर्कशरमध्ये ‘पाऊस आल्यास’ लिहिणं म्हणजे ‘सकाळ झाल्यास’ लिहिण्यासारखंच, पण बाई काटेकोर.

त्याला कारणही तसंच होतं. मागच्या सहलीत त्यांच्या वर्गाने एका शेतावरचं फाटक उघडं टाकलं होतं आणि चाळीस मेंढ्या बाजारपेठेत फिरून आल्या होत्या. हेडसर बॅरक्लफ यांनी तेव्हाच बजावलं, ‘आणखी एक भानगड, की सहली कायमच्या बंद.’ आणि आज तर ते स्वतःच बसमध्ये पुढच्या सीटवर टाय आवळून बसले होते.

सहल होती थॉर्नबेकच्या जुन्या तुरुंगात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात गरिबांचे आणि गुन्हेगारांचे काय हाल होत, ते तिथे पोरांना करून दाखवतात. एकोणतीस पोरांनी खरबरीत अंगरखे चढवले, डांबर लागलेल्या जुन्या दोरखंडाचे धागे उसवले, पाण्यासारखी पेज चाखली आणि तोंडं वाकडी केली. सगळं पान क्रमांक सहाप्रमाणे चाललं होतं.

मग कोर्ट भरलं. खटला पाव चोरल्याचा. जेलर होते विल्फ ऑग्डन, वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं बस चालवून झाल्यावर आता दर गुरुवारी हौसेने ते कैदी कोंडत. त्यांनी विचारलं, “आरोपी कोण होणार?”

एकही पोर पुढे होईना. तेव्हा हेडसर उठले. “मी होतो. कायद्यापुढे सगळे सारखे, हे मुलांना कळू दे.”

न्यायाधीश होती दहा वर्षांची इमोजेन. पांढऱ्या केसांचा टोप तिच्या नाकापर्यंत आला होता.

“पाव का चोरलात?”

“भूक लागली होती, महाराज.”

“मग मधल्या सुट्टीतला आमचा फुटबॉल का काढून घेतलात?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“आरोपी उलट बोलतोय, हे लिहून घ्या,” इमोजेन म्हणाली. “दोषी वाटत असतील त्यांनी हात वर करा.”

ज्यूरीतले बारा हात वर गेले. प्रेक्षकांतले सोळाही गेले. “तुम्ही ज्यूरी नाही, हात खाली घ्या,” असं बाईंनी दोनदा सांगितलं. कोणी घेतला नाही. इमोजेनने स्वतःचाही वर केला.

सात वर्षं काळं पाणी, ऑस्ट्रेलियाला. जहाज येईपर्यंत कोठडी.

आता नियोजनाच्या अकराव्या पानावर बाईंनीच लिहिलं होतं, की कोठडीत कोणालाही एकटं ठेवायचं नाही. म्हणून त्याही सरांच्या मागोमाग आत गेल्या. ऑग्डननी दार लोटलं, किल्ली फिरवली, आणि बारीकसा आवाज आला, कोणीतरी बिस्कीट मोडावं तसा.

“बाई,” दाराबाहेरून ऑग्डन म्हणाले, “अर्धी किल्ली माझ्या हातात आहे.”

“आणि उरलेली?”

“कुलपात.”

बाहेर मुलांपाशी शाळेच्या जेवणघरातल्या ब्रेंडाबाई होत्या. त्यांनी अग्निशामक दलाला फोन केला. बंब आला, पण जवानांनी दाराला हात लावला नाही. दार पुरातन, ते तोडायला वरून परवानगी हवी. ते फोन लावत बसले. कोठडीत हेडसरांनी टाय सैल केला. मग काढला.

“मिडग्लीबाई, इथे हवा पुरेल ना?”

“भरपूर आहे, सर.”

पण सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सहली तर गेल्याच, पण आता सरही जातायत की काय, असं बाईंना वाटलं.

तेवढ्यात दारातली जेवण सरकवायची खिडकी उघडली. पलीकडे सायमा कौसर उकिडवी बसली होती. वर्गात हजेरीलाही जेमतेम ऐकू येईल असं बोलणारी मुलगी.

“सर, मला दमा आहे ना, धाप लागली की आई असं करायला लावते. नाकाने आत घ्या, चारपर्यंत मोजते मी. आता तोंडाने बाहेर, सहापर्यंत.”

हेडसरांनी मुकाट्याने ऐकलं. ती मोजत राहिली. दहाएक मिनिटांनी त्यांच्या गालांवर रंग आला.

“सकाळपासून काही खाल्लं नव्हतं,” ते ओशाळून म्हणाले.

सायमाने तिच्या डब्यातला समोसा आत सरकवला. मागोमाग चीजचं अर्धं सँडविच आलं, मग मूठभर वेफर्स, मग एक चावलेलं सफरचंद. बाहेर एकोणतीस पोरं रांगेत उभी होती, आपापल्या डब्यातलं काही ना काही घेऊन. “मी सांगितलं नाही हो,” ब्रेंडाबाई नंतर शपथेवर सांगत होत्या, “आपणहून उभी राहिली.” शेवटी इमोजेनचा टोप खिडकीत दिसला. कोर्टाने सरांची तब्येत पाहून सात वर्षांचे चौदा दिवस केले होते.

पाऊण तासाने परवानगी आली. जवानांनी बिजागऱ्या काढून दार अलगद बाजूला ठेवलं. हेडसर बाहेर आले, पोरांकडे बघत उभे राहिले. बाईंनी डोळे मिटून घेतले.

“मिडग्लीबाई.”

“सर.”

“मी कोणाकडे खायला मागितलं नव्हतं.”

“नाही, सर.”

“पुढच्या वर्षीची तारीख आजच घेऊन ठेवा.” मग त्यांनी खाली वाकून सायमाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “उपकार झाले, बेटा.” सायमा लाजून ब्रेंडाबाईंच्या मागे लपली.

दुसऱ्या दिवशी वर्गाने ऑग्डन आजोबांना आभाराची पत्रं लिहिली. ‘आमचे सर तुम्ही फार छान कोंडलेत. पुढच्या वर्षी दिवसभर कोंडाल का?’ असा बहुतेकांचा सूर. हेडसरांनी सगळी वाचली आणि एकही ओळ खोडली नाही.

पोरं घरी गेल्यावर बाईंनी स्वतःचंही एक पत्र लिहिलं, आणि पाकिटात सगळ्यात खाली सरकवलं.

‘प्रिय ऑग्डन, सर सावरल्यावर शेवटची वीस मिनिटं मला कोणी हाक मारली नाही, नाक पुसायला सांगितलं नाही, कोणाची तक्रार आणली नाही. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यापासून इतकी निवांत मी पहिल्यांदाच बसले. तुमची फार आभारी आहे. एखाद्या गुरुवारी एकटीच आले, तर कोंडाल का?’