सतरावा प्रश्न

ज्याला दुसऱ्याचा जीव वाचवता येत नाही त्याला बढती मिळणार नाही, असे परिपत्रक आले आणि हेडक्लार्कचा जीव टांगणीला लागला. त्याची बढती अकरा वर्षे अडली होती. आधी टंकलेखनाच्या परीक्षेने अडवली, मग टंकलेखन यंत्रेच भंगारात गेली. आता निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना प्रथमोपचार आडवा आला.

शिकवायला आलेल्या डॉक्टरांनी रबरी पुतळा टेबलावर ठेवताच हेडक्लार्कने अत्यंत अभ्यासू चेहऱ्याने हात वर केला आणि परीक्षेत प्रश्न किती, पर्याय किती, एवढेच विचारले. वीस प्रश्न, चार पर्याय. तो निवांत झाला. संध्याकाळपर्यंत गेल्या वर्षीची उत्तरे त्याच्या खिशात होती. आंघोळ करताना तो 'ब, ड, अ, अ, क' म्हणू लागला. बायकोला वाटले, यांनी देवाधर्माचे मनावर घेतले.

पुतळ्याजवळ गेली ती एकटी झाडूवाली मावशी. तिचा नातू हाताला लागेल ते तोंडात घालायचा. डॉक्टरांनी तिला पुन्हा दाखवले: पाठीमागून कवेत घ्यायचे, मूठ बेंबीच्या जरा वर, दुसऱ्या हाताने मूठ धरून आत आणि वर हिसका. तिने तीनदा करून पाहिले. त्यात पुतळ्याचे प्लास्टिकचे वेष्टन फाटले, त्याची लेखी नोंद झाली.

मावशी सोडून बाकी सगळे पास झाले. हेडक्लार्क अधीक्षक झाला. त्या आनंदाच्या चहापानात बिस्किटाचा तुकडा त्याच्या घशात अडकला. चेहरा निळा पडू लागला. भोवती बत्तीस प्रमाणपत्रधारक उभे राहिले.

"हा सतरावा प्रश्न," लेखापाल म्हणाला.

"उत्तर क," टंकलेखिका म्हणाली. त्या कार्यालयात एवढे एकमत पूर्वी कधी झाले नव्हते. खुद्द अधीक्षकांनी डोळे पांढरे करत तीन बोटे वर केली, म्हणजे तिसरा पर्याय. उत्तर बरोबर असल्याची खात्री पटून सगळे तसेच उभे राहिले.

मावशीने बादली टाकली, साहेबांना मागून आवळले आणि तुकडा थेट परिपत्रकांच्या फलकावर जाऊन चिकटला.

तिसऱ्या दिवशी तिला नोटीस मिळाली. विनाप्रमाणपत्र जीव वाचवल्याबद्दल. सही अधीक्षकांची.

"साहेब, तुमचाच जीव होता ना तो?"

"म्हणून तर वाईट वाटतंय, मावशी. जन्मभर उपकार विसरणार नाही. पण ते माझं खासगी झालं."

त्याला खरोखरच लाज वाटली. त्याने खिशातून घड्या पडलेला कागद काढून मायेने तिच्या हातात ठेवला. "वीस अक्षरं आहेत. पाठ करा, नोकरी वाचेल. कशाचं काय, ते विचारू नका."

वाचकांनी उगाच हसू नये. मूठ कुठे ठेवायची आणि हिसका कुठल्या दिशेला द्यायचा, हे याच गोष्टीत स्पष्ट लिहिले आहे. वर न बघता सांगा पाहू. राहू द्या. सतराव्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुम्हालाही पाठ झाले असेल.