बिनतारी कापगते

हिरामण कापगते पंखा घ्यायला गेला, तेव्हा त्याने दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला, "बटन बंद केल्यावर हा किती वेळ फिरते?"

दुकानदार म्हणाला, "भाऊ, हवा कशी लागते ते तं पाहा."

"हवा सगळेच पंखे देतेत जी. थांबते कसा ते सांगा."

तीन दुकानं झाली, दोन उन्हाळे घामात गेले, मग पंखा आला. हिरामणचं म्हणणं असं, की वस्तू चालते कशी हे विकणारा सांगतोच, थांबते कशी हे आपण विचारायचं असतं. मोटरसायकल घेताना तो ब्रेकवर दीड तास बोलला आणि इंजिनाबद्दल एक शब्द काढला नाही. तरुणपणी मुलगी पाहायला गेला तर पोहे खाऊन झाल्यावर मुलीच्या बापाला म्हणाला, "रागावली तं किती वेळात शांत होते?" मुलगी शांतच होती, बाप मात्र त्या दिवशी शांत झाला नाही. हाच प्रश्न पुढे आणखी चार घरी विचारून झाला. आता हिरामण पंचेचाळिशीचा आहे, एकटा राहतो आणि आपला भात आपणच शिजवतो.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्यामुळे ज्यात करंट आहे ते सगळं माझ्या खात्यात येतं, असा आमच्या सानगडी गावाचा समज आहे. मिक्सर बिघडला की सर, मोबाइल तापला की सर. पण हिरामणइतका छळ कोणी केला नाही, कारण त्याचा धंदाच करंटवर चालतो. त्याचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, दाखले, फॉर्म, आणि हंगामात धानविक्रीची नोंदणी. त्याच्या सेंटरला भिंत लावून दुसरं सेंटर आहे. तिथेही सातबारा, दाखले, फॉर्म आणि धानाची नोंदणी. ते त्याच्या मोठ्या भावाचं, सदाशिवरावांचं.

आठ वर्षांपूर्वी दोन्ही मिळून एकच सेंटर होतं. मग वाटणी झाली. शेत झालं, घर झालं, सेंटरच्या खोलीत मधोमध एका विटेची भिंत उभी राहिली. कंप्युटर दोन होते, एकेक गेला. शेवटी उरला प्रिंटर आणि त्याची तार. प्रिंटर हिरामणच्या वाट्याला आला. तार सदाशिवरावांच्या बाजूला राहिली होती, आणि ते म्हणाले, प्रिंटर दिला म्हणजे तार दिली असं कुठं लिहिलं हाये? पंच सकाळपासून बसले होते, दुपारची जेवणं तिथेच झाली, आणि दिवस मावळताना निकाल लागला की प्रिंटर धाकट्याचा, तार मोठ्याची. दोघंही तोंडं फिरवून उठले आणि तेव्हापासून एकमेकांशी बोलले नाहीत. गावात यात नवल काही नव्हतं. बांधावरून बोलणं बंद झालेली चार घरं माझ्याच आळीत आहेत. तारेवरून झालेलं हे पहिलंच.

हिरामणने त्या दिवशी शपथ घेतली, "माह्या दुकानात तारच नाही पायजे." कीबोर्ड बिनतारी, माऊस बिनतारी, प्रिंटरसुद्धा हवेतून छापणारा. गावाने लगेच सोय करून घेतली. पत्ता विचारला की सांगतात, तारवाले कापगते पाहिजेत का बिनतारी कापगते?

भावाबद्दल बोलायची वेळ आलीच तर हिरामण 'पलीकडचे' म्हणायचा. "पलीकडच्यायचा पंखा आवाज करून राहिला," असं. एका विटेच्या भिंतीतून शिंकसुद्धा ऐकू जाते, त्यामुळे दोघांना एकमेकांचं सगळं ठाऊक असायचं.

यंदा धान निसवलं, लोंब्या आल्या आणि नोंदणीची तारीख जाहीर व्हायच्या आठवडाभर आधी सदाशिवराव गाडीसकट तलावाच्या पाळीवरून घसरले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांचं. डाव्या हाताच्या एका बोटाने ते एक फॉर्म भरायला तास लावू लागले. त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, दुकान उघडून उदबत्ती लावण्यापलीकडे कंप्युटर येत नव्हता. नोंदणीचा हंगाम पंधरा दिवसांचा. त्या पंधरा दिवसांत जो शेतकरी ज्या दारात गेला, तो वर्षभर तिथेच जातो. हंगाम हुकला तर सदाशिवरावांचं सेंटर बंद पडणार, हे चौकातल्या पानठेल्यावरही पक्कं झालं होतं. ती सगळी गिऱ्हाइकं भिंतीच्या अलीकडे येणार, हेही पक्कं झालं होतं.

आणि नेमका तेव्हाच हिरामण माझ्याकडे आला. "सर, एका कीबोर्डावर दोन कंप्युटर चालवाचे हायेत."

माझं डोकंच फिरलं. भावाचा हात गळ्यात बांधलेला आणि हा दुसरा कंप्युटर मांडतोय! पण मास्तर माणूस वर्गात जेवढा बोलतो तेवढा गावात बोलत नाही. मी मुकाट्याने सांगितलं की त्याला केव्हीएम स्विच म्हणतात. एक डबा असतो. दोन्ही कंप्युटर त्याला जोडायचे, आपला कीबोर्ड, माऊस आणि स्क्रीनही त्यालाच जोडायचा. बटन दाबलं की आपण या कंप्युटरवर, पुन्हा दाबलं की त्या.

हिरामणने डोळे मिटून विचार केला. "सर, बटन दाबल्यावर इकडचा सुटला अना तिकडचा अजून लागला नाही. त्या मधातल्या वेळात कीबोर्ड कोणाचा?"

"कोणाचाच नाही. दोन सेकंद जातात."

"असं कसं चालन? कोणी तरी मालक पायजे ना. दोन सेकंदात काहीबी होते जी."

पहिला डबा नागपूरहून आला. बिनतारी कीबोर्ड आणि माऊस या दोघांचा मिळून एकच रिसीव्हर असतो, नखाएवढा. डब्याला मात्र दोन वेगवेगळी भोकं होती, एकावर कीबोर्डचं चित्र, दुसऱ्यावर माऊसचं. रिसीव्हर कीबोर्डच्या भोकात लावला तर कीबोर्ड चाले आणि माऊस मरे. माऊसच्या भोकात लावला तर उलटं. "एका ताटात जेवणारे दोघं," हिरामण म्हणाला, "यानं पंगतच येगळी केली." डबा परत गेला.

दुसऱ्या डब्यात दोघंही चालले. हिरामण खूश झाला. पण त्याला बटनच नव्हतं. पुस्तिकेत लिहिलं होतं, स्क्रोल लॉक ही कळ दोनदा दाबा. हिरामणचा कीबोर्ड आटोपशीर, त्यावर ती कळच नव्हती. संध्याकाळभर चष्मा लावून, मग चष्मा काढून त्याने ती शोधली. शेवटी मला फोन. "बाप्पा सर, जे नाही ते दोनदा कसं दाबाचं?"

मी ब्लूटूथचा कीबोर्ड सुचवला आणि लगेच माझी चूक माझ्या लक्षात आली. ब्लूटूथ जुळतो तो कंप्युटरशी, डब्याला त्याची खबरही नसते. हिरामणने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे घरजावई. एकाच घरी राहाते." दुसरा डबाही परत गेला. कुरिअरवाल्याने आता हिरामणकडे चहा प्यायला सुरुवात केली होती.

तिसऱ्या डब्याला दारावरच्या घंटीसारखं वेगळं बटन होतं, हातात धरून बसता येईल असं. रिसीव्हर साध्या यूएसबीच्या भोकात बसत होता, म्हणजे कीबोर्ड आणि माऊस दोन्ही जिवंत. कंप्युटर झोपला तर बटनाने उठतो का, उठला तर कोण उठतो, हे सगळं विचारून झालं. मग तो म्हणाला, एका कंप्युटरची तार अकरा हात पाहिजे.

"अकरा हात? दुसरा कंप्युटर शेजारीच ठेव ना."

"ठेवाची जागा तिकडं हाये सर."

आणि त्या दुसऱ्या कंप्युटरला स्क्रीनचं जोडणं जुन्या पद्धतीचं पाहिजे होतं, निळ्या पिनेचं. म्हणजे कुठून तरी भंगारातला कंप्युटर उचलून मागच्या खोलीत मांडणार, असं मी समजलो. पंख्याला दोन उन्हाळे लावणाऱ्या माणसाने तीन डबे नऊ दिवसांत पारखले, आणि लवकर यावा म्हणून वरचे पैसेही भरले. हाव माणसाला कशी पळवते पाहा, असं मी घरी बायकोला सांगितलं.

नोंदणी सुरू झाली. एकोडीला माझ्या वडिलांचं शेत आहे. त्यांचे कागद दरवर्षी मी हिरामणकडे देतो. यंदा मुद्दाम सदाशिवरावांकडे गेलो. एका बोटाने का होईना, पण तिथेच भरीन, एवढ्या तावात.

तिथे मोठी रांग होती. मला आश्चर्य वाटलं. माझा नंबर आला तेव्हा सदाशिवराव म्हणाले, "या सर, बसा. नाव सांगा. जोरात सांगा जी, मले कमी आयकू येते."

त्यांचे कान ठणठणीत होते, हे मला माहीत होतं. तरी मी वडिलांचं नाव मोठ्याने सांगितलं.

"गोविंदा लांजेवार!" सदाशिवराव छताकडे पाहून ओरडले.

स्क्रीनवर अक्षरं उमटू लागली. गो, विं, दा. मी सदाशिवरावांच्या हातांकडे पाहिलं. उजवा गळ्यातल्या झोळीत होता. डावा मांडीवर, आणि त्याचा अंगठा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. त्यांचा कीबोर्ड बाजूला वर्तमानपत्राखाली पडला होता.

"गट नंबर?"

मी सांगितला. सदाशिवरावांनी तो छताला सांगितला. स्क्रीनवर शेवटी आठ आला.

"सर, तुम्ही शेवटी आठ म्हणाले का?"

"नाही, सात."

"सातच म्हणतेत सर!"

आठ पुसला गेला, सात आला. भिंतीपलीकडे कोणी तरी घसा खाकरला.

माझं तोंड उघडंच राहिलं असावं, कारण सुमनवहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "भाऊजीचं टायपिंग लय फास्ट हाये सर," त्या हळूच म्हणाल्या आणि डोळ्यांनी खाली दाखवलं. भिंतीच्या तळाची एक वीट काढलेली होती. त्या भोकातून दोन तारा येऊन सदाशिवरावांच्या कंप्युटरमागे, त्यांच्या स्क्रीनच्या तारेशेजारी लागल्या होत्या. उंदीर येऊ नये म्हणून उरलेल्या फटीत जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला होता.

मी तसाच उठून अलीकडे आलो. हिरामणसमोर त्याचं गिऱ्हाईक बसलं होतं आणि मांडीवर ते बटन होतं. एकदा दाबलं की आपल्या गिऱ्हाइकाचा पत्ता, पुन्हा दाबलं की भावाच्या गिऱ्हाइकाचा गट नंबर. कान भिंतीकडे.

"हिरामण, हे काय चालवलंस?"

"कायचं जी? मी तेच्याशी बोललो का? नाही. तेच्या उंबऱ्यात पाय ठेवला का? नाही. तेच्या कीबोर्डले हात लावला का? कीबोर्ड माहा हाये, डबा माहा हाये."

"आणि तार?"

"तार वहिनीनं लावली. वहिनी वाटणीत नव्हती."

"अरे, दुरून कंप्युटर चालवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सांगितलं असतंस तर लावून दिलं असतं."

"तेले पासवर्ड लागते सर. पासवर्ड मांगाचा म्हणजे बोला लागते." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "पंधरा दिवसांचा हंगाम हाये. तो गेला तं दुकान गेलं. दुकान दोघायनं उघडलं होतं." आणि त्याने बटन दाबलं, कारण पलीकडे सदाशिवराव बँकेचा खाते क्रमांक ओरडत होते.

मला स्वतःची लाज वाटली. नऊ दिवस मी या माणसाला मनातल्या मनात लोभी ठरवत होतो, आणि तो अकरा हात मोजत होता.

पंधरा दिवस दोन्ही दारांत रांगा होत्या. बिनतारी कापगते यंदा फार हळू काम करतो, अशी गावात तक्रार होती, ती त्याने खाली मान घालून ऐकली. हंगाम निभावला. पुढे सदाशिवरावांचं प्लास्टर निघालं, त्यांनी वर्तमानपत्राखालचा कीबोर्ड पुढे ओढला आणि स्वतः टाइप करू लागले. आता तार निघणार, वीट परत बसणार, असं मी धरून चाललो.

परवा दुपारी वेळापत्रकाच्या प्रती काढायला मी हिरामणकडे गेलो. दुकानात कोणी नव्हतं. तो बटन हातात घेऊन स्क्रीनकडे पाहत बसला होता. मी डोकावलो. स्क्रीन भावाच्या कंप्युटरची होती. कोरं पान उघडलेलं, आणि त्यावर दोनच शब्द.

जेवला का?

"चार दिवस झाले सर," हिरामण म्हणाला. "रोज या टायमाले येते. मी बटन दाबतो, वाचतो, परत दाबतो." मग माझ्याकडे वळला. "तुम्ही तं शिकलेले जी. लिहिणं म्हणजे बोलणं होते का?"

फिजिक्सच्या पुस्तकात हा धडा नाही, असं म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्याचा चेहरा पाहून मला ते म्हणवलं नाही. "होत नाही," मी म्हणालो. "तू लिही."

"काय लिहू? हो लिहिलं तं खोटं होते. आज भातच मांडला नाही. नाही लिहिलं तं तेले वाटन, मी मांगून राहिलो."

"खरं ते लिही."

त्याने कीबोर्ड जवळ ओढला. हंगामभर एका मिनिटात गट नंबर आणि खाते क्रमांक ठोकणारा माणूस, एक एक कळ शोधत होता. नाही, असं त्याने लिहिलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

पलीकडे खुर्ची सरकली. मग सदाशिवरावांचा आवाज आला, बायकोसाठी, पण नोंदणीत नावं ओरडायचे तेवढा मोठा. "आयकलं का वं! एक ताट अजून मांड!"

हिरामण उठला, मागे जाऊन नळावर हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, ते नीट पुसलंही नाही. शर्टाची बटनं लावत तो बाहेर आला.

"सर, दुकान पाहा जी जरा," तो म्हणाला. "दादाकडं जेवून येतो."