वांग्याचा इतर कारणासाठी वापर

ताडकळसच्या अलीकडच्या एका वस्तीवरील अंगणवाडीत आदेश आला : मुलांनी रोज अर्धा तास गोष्टी सांगत खोटाखोटा खेळ खेळावा, त्याने भाषा व कल्पनाशक्ती वाढते. सेविका सुकेशनीताईंना हसू आलं. त्यांची वीस पोरं हे काम बिनआदेशाचं दिवसभर करत होती. पण आता खेळाचा फोटो तालुक्याच्या कार्यालयाला पाठवायचा होता. तीन फोटो नामंजूर झाले की तपासणी, आणि तपासणीत नापास झालं की केंद्र बंद. मुलं चार किलोमीटरवरच्या अंगणवाडीत वर्ग. चार वर्षांचं पोर तिथवर चालणार कसं, याबाबत आदेश मूक होता.

पहिल्या फोटोत अपेक्षा नावाची चिमुरडी आठवडी बाजारात वांगी विकत बसली होती. बाजार नव्हता, वांगी नव्हती. गिऱ्हाइकं मात्र घासाघीस करत होती. शेरा आला : "वांगी आढळून आली नाहीत."

ताईंनी घरची वांगी आणली. शेरा : "वांगी खरी आहेत. कल्पनाशक्तीस वाव दिसत नाही."

मग पुठ्ठ्याची वांगी रंगवली. अपेक्षानं त्यातलं एक कानाला लावलं आणि मामाशी बोलत सुटली. शेरा : "वांग्याचा इतर कारणासाठी वापर. खुलासा सादर करावा."

पर्यवेक्षिका सत्यशीला मॅडम धावत आल्या. "ताई, सोमवारी साहेब येतेत. पोरं नीट खेळली पायजेत."

"खेळायलीत की मॅडम."

"खेळायलीत, पण सांगितलेलं न्हाई ना."

अंगणवाडी समितीचे आबासाहेब सुपारी कातरत होते. "पोरं लय मन लावून खेळत्यात, तिथंच घोळ हाय. नाटक करणं मोठ्या माणसाचं काम. पोरांच्या जागी आमी बसतो."

सोमवारी वीस मोठी माणसं मांडी घालून ओळीत बसली. पोरांना बाहेर लिंबाखाली तोंडावर बोट ठेवून बसवलं. आत खेळ चालू असल्यानं आवाज करू नये, अशी ताकीद होती. साहेबांनी हजेरीपट उघडला.

"नाव?"

"अपेक्षा," आबासाहेब म्हणाले.

"वय?"

"चार पूर्ण."

साहेबांनी त्यांच्या पांढऱ्या मिशांकडं बराच वेळ पाहिलं आणि लिहिलं : "वाढ समाधानकारक."

आबासाहेबांनी ठरल्या क्रमानं दोन वांगी विकली. वांग्यावरून कुणी कुणाला फोन लावला नाही. साहेब इतके खूष झाले, की त्यांनी केंद्र 'आदर्श' ठरवलं आणि हाच खेळ याच शिस्तीत रोज व्हावा, असं लिहून दिलं.

केंद्र वाचलं. अपेक्षानं खिडकीच्या गजांतून विचारलं, "ताई, आबांचं खेळून झालं की आमी येऊ का?"

"साहेबांनी रोज म्हणून लिहिलंय, बाळा," ताई म्हणाल्या आणि हजेरीपटात तिच्या नावापुढं हजर अशी खूण केली.

साहेबांनी त्या दिवशी काढलेला आदर्श फोटो तालुक्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला. चारशे बारा अंगठे पडले. फोटोत एकही मूल नाही, हे अजून कुणी कळवलेलं नाही. त्या चारशे बारांत तुमचाही एक आहे. मोबाईल उघडून खात्री करावी.