पहिल्या वेचणीचा कॅमेरा

नोहा उमापने कॅमेरा जपायचा ठरवला नसता, तर पुढचं काहीच झालं नसतं. कॅमेरा खुंटीला टांगला असता, रविवारी देवळातल्या, म्हणजे वस्तीवरच्या चर्चमधल्या, हंगामाच्या सणाचे फोटो काढले असते आणि संध्याकाळी ज्याचा त्याला देऊन टाकला असता. पण नोहा पडला दूध डेअरीतला कारकून. (फॅट मोजायच्या यंत्रावरसुद्धा तो रुमाल टाकून ठेवतो.) वस्तू वापरण्यापेक्षा ती झाकण्यात त्याला जास्त रस आहे, हे सोनईजवळच्या त्यांच्या वस्तीवर सगळ्यांना ठाऊक आहे.

कॅमेरा होता मेव्हण्याचा. सॅमसन, म्हणजे नोहाच्या बायकोचा, मरियाचा धाकटा भाऊ, पुण्याला नोकरीला असतो. शनिवारी कोल्हारला आत्याकडे जाता जाता तो कॅमेरा देऊन गेला. रविवारी संध्याकाळी परत न्यायला येणार होता. निघताना एवढंच म्हणाला, "दाजी, मागच्या स्क्रीनला तेवढं जपा. ओरखडा पडला की जात नाही."

दुसऱ्या कुणी हे ऐकून सोडून दिलं असतं. पण नऊ वर्षांपूर्वी नोहाने याच सॅमसनची मोटारसायकल एका दिवसासाठी नेली होती आणि परत देताना तिला एकच आरसा उरला होता. तेव्हापासून सासुरवाडीत त्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला तरी कुणीतरी "सांभाळून" म्हणतंच. या वेळी कॅमेरा जसाच्या तसा परत द्यायचा आणि सासुरवाडीत एकदा ताठ मानेने जेवायचं, एवढंच त्याला हवं होतं.

तो तडक बाजारातल्या मोबाईलवाल्याकडे गेला. कॅमेऱ्याचा स्क्रीन गार्ड काही मिळेना, म्हणून मोबाईलचाच गार्ड कात्रीने कापून बसवला. आत तीन बुडबुडे राहिले. ते दाबायला म्हणून वर दुसरा गार्ड लावला, तेव्हा बुडबुडे सात झाले. घरी येऊन त्यावर वह्यांना घालायचं प्लॅस्टिक चढवलं आणि कडेने चिकटपट्टी मारली. आता स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. कॅमेरा चालू आहे की बंद हेही कळेना. पण ओरखड्याची भीती गेली, आणि नोहाला फार हलकं वाटलं.

मग ठेवायचा कुठे हा प्रश्न आला. कपाटात किल्ल्यांचा जुडगा होता, तांदळाच्या डब्यात खडे असतील, गादीवर पोरं उड्या मारतात. शेवटी त्याची नजर कोपऱ्यातल्या पाटीवर गेली. घरच्या दीड एकरातला कापूस, नुकताच वेचलेला, पांढराशुभ्र. नोहाने कोपरापर्यंत हात घालून मधोमध खळगा केला, कॅमेरा त्यात निजवला आणि चारी बाजूंनी कापूस दाबून बसवला. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरांनी हात लावला असता आणि मरिया हसली असती.

आता हा कापूस पहिल्या वेचणीचा होता. पहिल्या वेचणीची पाटी दरवर्षी देवाला जाते, वेदीसमोर ठेवतात, आणि उपासना झाली की अंगणात तिचा लिलाव होतो. नोहा जन्मापासून हे बघत आलाय. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात स्क्रीनशिवाय दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

रविवारी डेअरीत सकाळचं दूध मोजून घेऊन तो घरी आला तेव्हा दाराला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं, तर कोपरा रिकामा. नोहा सायकलवरून देवळात पोचला आणि दारातच थबकला. वेदीसमोर ऊस, भोपळे, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि कापसाच्या एकसारख्या तीन पाट्या.

आपली कोणती? मरियाला विचारावं तर ती पलीकडे बायकांच्या बाजूला. गीत सुरू होतं. नोहाने डोळ्यापुढे दोन्ही हातांची चौकट धरून बोटाने बटण दाबून दाखवलं. मरियाने मान डोलावली आणि चार बायकांच्या हातून त्याचा वाचायचा चष्मा पाठवला. मग त्याने पोटापुढे हात गोल फिरवून पाटी दाखवली. या वेळी ओव्याची पुडी आली. नोहाने चष्मा लावला आणि ओवा चघळत बसला. मध्ये पाळकसाहेबांनी दोनदा इकडेतिकडे बघून फोटोवाले कुठे आहेत असं विचारलं. नोहाही सगळ्यांबरोबर मागे वळून बघत राहिला.

लिलाव योहान मास्तरांनी पुकारला. कापसाला दरवर्षीप्रमाणे आप्पासाहेब आले होते. सोनईचे कापसाचे व्यापारी, दोन्ही हातांत मिळून पाच अंगठ्या. बोली लावण्याआधी पाटीत हात घालून बघायची त्यांची रीत. पहिली पाटी पाहिली, दुसरी पाहिली. तिसरीत हात कोपरापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"मास्तर," आप्पासाहेब शांतपणे म्हणाले, "वजन वाढवायला कापसात दगड घालत्यात, हे मला म्हाईत हाय. पन देवाच्या पाटीत?"

मास्तरांनी पाटी कुणाची म्हणून विचारलं. मरिया उभी राहिली, तिचा चेहरा रडवेला झाला होता. हा कापूस आपण स्वतः वेचलाय, त्यात खडासुद्धा नाही, असं ती सांगत होती, आणि सगळी मंडळी नोहाकडे बघत होती. नोहा मात्र आप्पासाहेबांच्या कोपराकडे बघत होता. आत, खोलवर, पाच अंगठ्यांपैकी तीन त्याच्या स्क्रीनवर टेकलेल्या होत्या.

"तुमी दगड म्हना, माजी हरकत न्हाई," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "पन हळू काढा. आंगठी लागंल."

"दगडाला?"

"त्यो कॅमेरा हाय."

आप्पासाहेबांनी तो बाहेर काढला आणि उलटासुलटा करून पाहिला. तीस वर्षांत कापसातून त्यांनी दगड काढले होते, ओली वाळू काढली होती, एकदा तर चप्पल काढली होती. वजनासाठी कॅमेरा घालणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला. नोहाने ओरखड्याचं सगळं समजावून सांगितलं. सांगून झाल्यावर लोक आधीपेक्षा जास्त गोंधळलेले दिसत होते.

मग देवळाच्या पंच कमिटीत वाद निघाला. वेदीपुढे ठेवलेली वस्तू परत घेता येते का? एक पंच म्हणाले, अर्पण झालं ते झालं. दुसऱ्यांचं म्हणणं, मेव्हण्याची वस्तू अर्पण कशी होईल. शेवटी पाळकसाहेबांनी कॅमेऱ्यावर हात ठेवून छोटीशी प्रार्थना केली आणि तो नोहाच्या स्वाधीन केला. (हात स्क्रीनच्या बाजूला नव्हता, हे नोहाने एक डोळा उघडा ठेवून पाहून घेतलं.) फोटोचं कुणी नाव काढलं नाही. मरिया घरी गेल्यावरही त्याच्याशी बोलली नाही.

संध्याकाळी सॅमसन आला. नोहाने टॉवेल अंथरून कॅमेरा त्याच्यापुढे ठेवला आणि स्वतःच्या हाताने चिकटपट्टी सोडवली, प्लॅस्टिक काढलं, एक गार्ड काढला, दुसरा काढला. खाली स्क्रीन अगदी कोरी करकरीत होती. ना ओरखडा, ना बोटाचा ठसा. सॅमसनने ती उजेडात तिरकी धरून पाहिली आणि खरंच खूश झाला. लिलावापासून अबोला धरलेल्या मरियालाही हसू आलं. नऊ वर्षांनी पहिल्यांदा त्या घरातल्या माणसाने त्याला शाबासकी दिली होती.

सॅमसनने बटण दाबलं. पुढची नळी कर्र करत निम्मी बाहेर आली, तिच्या फटीतून कापसाचा पुंजका आला, मागोमाग एक सरकी टपकन टॉवेलवर पडली, आणि नळी तिथेच अडकली. स्क्रीन उजळली. तिच्यावर ठळक पांढऱ्या अक्षरांत दोनच शब्द होते, लेन्स एरर.

सॅमसनने सरकी उचलून टॉवेलच्या कडेला ठेवली.

"दाजी, स्क्रीन मात्र मानली तुमची," तो म्हणाला. "एरर किती स्वच्छ वाचता येतोय."